मद आणि मत्सर, सख्खे शेजारी

काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. षड्रिपूंच्या या यादीत शेवटचे दोघे एकमेकांना खेटून का बसलेत, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मला ऑफिसात रोज पडतो. ‘आपण जरा हटके आहोत’ हा मद. आणि तोच हटकेपणा शेजारच्या डेस्कवर दिसला की सुरू होतो तो मत्सर!

आमच्याकडे एक ट्रेकवाला आहे. हरिश्चंद्रगड, कोकणकडा, सोमवारी सकाळी फोटो. तीच त्याची ओळख. मग एक नवी मुलगी जॉईन झाली, जी चक्क ५,३६४ मीटरवरच्या एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आलेली. झालं! “हल्ली काय, पैसे भरले की कुणीही जातं,” साहेबांचं तत्काळ निदान. गंमत म्हणजे याच माणसाचा शाळूसोबती तबला फार छान वाजवतो आणि त्याचं कौतुक करताना हा थकत नाही. तिथे जळफळाट नाही, कारण याला स्वतःला तबलजी व्हायचंच नाहीये.

हे कोडं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसरने उलगडलं. १९८० साली त्याने आणि जोनाथन स्मिथने एक शब्द ओळखण्याचा खेळ मांडला. आधी स्वतः त्यात आपटलेल्यांनी मग इतरांना क्लू द्यायचे. नुसता टाइमपास आहे म्हटलं, तेव्हा मित्राला सोपे क्लू मिळाले. पण यात तुमची हुशारी कळते म्हटल्यावर? अनोळखी माणसापेक्षा मित्रालाच जास्त अवघड क्लू! दोस्ती गेली तेल लावत.

म्हणजे जवळचा माणूस आणि आपलाच प्रांत, हे दोन्ही जुळलं की ठिणगी पडते. टाटा-अंबानींवर कोण जळतं हो? आपण जळतो ते बरोबर कॅम्पसमधून लागलेल्या बॅचमेटवर.

आपल्या भाषेत यासाठी हेवा आहे आणि मत्सर आहे. डच भाषेतही असेच दोन शब्द आहेत. एकात आपणही तिथे पोचावं असं वाटतं, दुसऱ्यात समोरच्याने खाली यावं. ऑफिसच्या मराठीत मात्र दोन्हींना ‘जेलस’! मला हे पटत नाही. हेवा वाटणारा माणूस निदान शूज तरी विकत घेतो.

आमच्या ट्रेकवाल्याने सध्या पक्षिनिरीक्षण धरलंय. दुर्बीण आली आहे. आमच्या मजल्यावर पक्षी बघणारं दुसरं कुणी नाही, ही चौकशी त्याने खरेदीआधीच करून ठेवली होती म्हणे.