पंख मागे, नजर पुढच्या चाकांवर

डिकीच्या टोकाला चिकटवलेली प्लॅस्टिकची पट्टी असो की उंच खांबांवर बसवलेला आडवा पंख, आपण दोघांनाही 'स्पॉयलर' म्हणून मोकळे होतो. त्यांचं काम मात्र वेगळं आहे. स्पॉयलर गाडीच्या अंगाला चिकटून वाहणाऱ्या हवेची वाट मोडतो आणि वेगात मागचा भाग उचलला जातो तो कमी करतो. विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा धरलेला. तिच्या वरून आणि खालून, दोन्हीकडून हवा वाहायला हवी. खालच्या फुगीर बाजूवरून हवा जोरात जाते, तिथला दाब घटतो आणि पंख खाली ओढला जातो. ही ओढ मागच्या टायरपर्यंत पोचली, तर गाडीचं वजन फारसं न वाढता टायरची पकड वाढते.

उदाहरणाला माझ्दा एमएक्स-५ घेऊ, १९९८ ते २००५ या काळातली दुसरी पिढी. इंग्लंडमध्ये ब्रँड्स हॅच किंवा स्नेटरटनच्या ट्रॅकवर हौशी चालक पैसे भरून दिवसभर आपली गाडी पळवतात. शर्यत नसते, निकाल लागत नाही. अशा ट्रॅक डेला ही छोटी, टनभर वजनाची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी हमखास दिसते, आणि तिच्या मागे बाजारातून आणून बसवलेली विंगही.

आधी आकडे बघू, कारण विंगेकडून काय मागायचं ते त्यांवरून ठरतं. दीड मीटर लांब आणि पाव मीटर रुंद पंख घ्या. स्वच्छ हवेत, मध्यम कोनात, ताशी १६० किलोमीटरला तो सुमारे ४५ किलोचा दाब देईल. ताशी ८० ला किती? निम्मा नाही, पाव. म्हणजे जेमतेम ११ किलो. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २०० ला तोच पंख ७० किलोपर्यंत जातो. म्हणून दुसऱ्या गिअरच्या अरुंद वळणात गाडीचं शेपूट सुटत असेल, तर त्यावर विंग हा इलाज नाही. ते काम टायरचं, स्प्रिंगचं आणि अँटी-रोल बारचं.

आता ज्या गोष्टीकडे सर्रास दुर्लक्ष होतं तिच्याकडे येतो. बैलगाडीत ओझं चाकांच्या मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. विंग नेमकं हेच करते. एमएक्स-५ च्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २२६५ मिलिमीटर अंतर आहे. पंख मागच्या आसाच्या ७५ सेंटिमीटर मागे बसला, तर त्याचा ४५ किलोचा दाब मागच्या चाकांवर सुमारे ६० किलो होऊन पडतो आणि वरचे १५ किलो पुढच्या चाकांवरून उचलले जातात. शिवाय पंखाला हवेचा जो अडथळा होतो तो जमिनीपासून मीटरभर उंचीवर गाडीला मागे खेचतो, त्याने पुढचे आणखी दोन-तीन किलो जातात. वेगाच्या वळणात स्टिअरिंग हलकं पडतं आणि गाडी वळायचं सोडून सरळ रेटत जाते, ते यामुळे. माझं मत स्पष्ट आहे: पुढच्या चाकांवर दाब आणणारी आडवी पट्टी, म्हणजे स्प्लिटर, बंपरखाली लावायची तयारी नसेल, तर मोठी विंग घेऊ नये.

पंख किती उंच ठेवायचा, हे छत ठरवतं. छत उघडं असेल तर चालकाच्या डोक्यामागे हवा नुसती घुसळते आणि पंखाला त्यातलं फारसं हाती लागत नाही. म्हणून विंग लावणारे बहुतेक जण कडक छत बसवतात. छताच्या मागे हवा खाली उतरते, पण सगळीकडे सारखी नाही: मधोमध जास्त, दोन्ही टोकांना जवळजवळ सरळ. उलट्या पंखाला खाली उतरणारी हवा जास्त तिरकी लागते. त्यामुळे कोनमापकावर शून्य अंश दाखवणारा पंख मध्यभागी प्रत्यक्षात कित्येक अंश कललेला असतो. काही पंखांचा मधला भाग टोकांपेक्षा कमी कोनात पिळलेला दिसतो, त्याचं कारण हेच. सरळ पंख असेल तर तो छताच्या उंचीच्या आसपास न्यावा आणि कोन अगदी थोड्यापासून सुरू करावा.

हवा खरंच कशी वाहते हे बघायला लोकरीचे बोटभर धागे पंखाच्या खालच्या बाजूला चिकटपट्टीने लावावेत आणि डिकीवर छोटा कॅमेरा बसवावा. धागे शांतपणे मागे पडून राहिले तर हवा पंखाला धरून आहे. मागच्या कडेजवळचे धागे फडफडू लागले, उलटे फिरू लागले, तर हवा सुटली, म्हणजे पंख स्टॉल झाला. आता कोन वाढवून दाब वाढणार नाही, नुसता अडथळा वाढेल. पवनबोगद्याचं भाडं वाचवणारी यापेक्षा प्रामाणिक युक्ती मला माहीत नाही.

खरी कसोटी जोडकामाची. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंजुइक ट्रॅकवर स्पॅनिश ग्राँ प्री चालू असताना ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटस गाड्यांचे उंच पंख मोडले. दोघंही एकाच ठिकाणी कठड्यावर आदळले, रिंट जखमी झाला आणि त्याच महिन्यात मोनॅकोमध्ये उंच पंखांवर बंदी आली. हे पंख बारीक खांबांवर थेट मागच्या सस्पेन्शनला जोडलेले होते. दाब सरळ चाकांवर जावा हा विचार बरोबर होता, पण खांबांना तो भार पेलला नाही. आपल्या गाडीतही प्रश्न तोच: पंखावरचा जोर कुठून कुठे जातो?

डिकीचं झाकण म्हणजे मिलिमीटरभरही जाड नसलेला पत्रा. त्याला नुसती भोकं पाडून खांब कसले, तर पत्रा वाकतो, भोकाच्या कडेला चिरा पडतात आणि पंखाच्या वजनाने उघडलेलं झाकण वर राहत नाही. छोट्या पंखासाठी झाकणाच्या आतून हाताच्या तळव्याएवढी अॅल्युमिनियमची आधारपट्टी द्यावी, म्हणजे भार पसरतो. मोठ्या पंखासाठी खांब चासीलाच जोडायला हवेत: बंपर काढायचा, त्यामागे बंपरचा लोखंडी बार जिथे बोल्टने कसलेला असतो तिथून ब्रॅकेट वर काढायचे. यात काम दुप्पट आहे, पण मी हाच मार्ग धरीन.

भोक पाडण्याआधी गाडीची मध्यरेषा काढावी. डिकीच्या कडांवर विश्वास ठेवू नये, जुन्या गाडीचं झाकण हमखास थोडं सरकलेलं असतं. सपाट फरशीवर, चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरून गाडी उभी करावी. दोन्ही मागच्या चाकांच्या मध्यापासून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा कराव्यात, त्यांच्यामध्ये दोरी ताणून मधला बिंदू घ्यावा. पुढच्या चाकांचंही तसंच. या दोन बिंदूंतून जाणारी रेषा खरी. भोक आधी बारीक, मग मोठं. कापलेल्या कडेला लगेच प्रायमर लावावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरेल.

बोल्ट ८ मिलिमीटरचे, ८.८ श्रेणीचे, नट नायलॉनच्या कड्याचे, कारण थरथरीने साधे नट सैल होतात. पंख कार्बन फायबरचा आणि खांब अॅल्युमिनियमचे असतील, तर दोघांचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. पाणी मिळालं की या जोडीत अॅल्युमिनियम झिजत जातं. मध्ये फायबर ग्लासचा पातळ थर द्यावा आणि या जोडावर बोल्ट ८.८ ऐवजी स्टेनलेसचे वापरावेत.

खांब खालून धरणारे घ्यायचे की वरून? पंखाचं मुख्य काम खालच्या बाजूवर चालतं. तिथेच खांब चिकटवला तर हवा बिघडते. म्हणून हंसाच्या मानेसारखे वरून वळून येणारे खांब निघाले. २००९ मध्ये ते अॅक्युरा आणि ऑडीच्या शर्यतीच्या गाड्यांवर दिसले, २०२१ मध्ये पोर्शेने रस्त्यावरच्या ९११ जीटी३ ला दिले. फायदा खरा आहे, पण जोडकाम कच्चं असेल तर या मानेचा काही उपयोग नाही.

सगळं कसल्यावर पंखावर सारख्या अंतराने वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात, एकूण १०० किलो. माणूस बसवू नये, एकाच जागी भार आला तर कवच फुटतं. खांब किती झुकतात ते मोजावं आणि भार काढल्यावर ते जागेवर परत येतात का, ते बघावं. जर्मनीत राहणाऱ्यांनी इथेच आणखी एक काम उरकावं: असा पंख तिथे तपासून कागदपत्रांत नोंदवून घ्यावा लागतो, आणि नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफवरच्या सार्वजनिक फेऱ्यांत रस्त्यावर चालवायला कायदेशीर गाडीच चालते.

ट्रॅकवर पहिल्या काही फेऱ्या सावकाश. मग एक संथ वळण आणि एक वेगाचं वळण निवडावं आणि फक्त त्या दोघांची तुलना करावी. संथ वळणात गाडी पूर्वीसारखीच वागते, पण वेगाच्या वळणात सरळ रेटत जाते: मागचा दाब जास्त आहे, पंखाचा कोन एक अंश कमी करावा. वेगात शेपूट हलकं वाटतं: एक अंश वाढवावा. दोन्ही वळणांत सारखीच तक्रार असेल तर पंखाला हात लावू नये. एका वेळी एकच बदल, आणि टायरच्या दाबासकट प्रत्येक बदल वहीत लिहायचा. प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. पिटमध्ये परतल्यावर हेल्मेट काढायच्या आधी मागे जाऊन बघावं, रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरला आहे.