सामान्य कामाचे मोल : ख्रिस्ती श्रद्धेची दृष्टी

प्रतिवर्षी या अहवालात बाह्यरुग्ण, आंतररुग्ण, शस्त्रक्रिया व प्रसूती यांचे तक्ते आपणासमोर ठेवण्यात येतात. देणगीचा विनियोग कसा झाला हे कळण्यास ते आवश्यकच आहेत. परंतु तक्त्यात न मावणाऱ्या एका विषयावर यंदा चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले. त्यास निमित्तही तसेच घडले. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेल्या एक आजी स्त्रीकक्षातील सिस्टरांना म्हणाल्या, "जन्मभर रांधलं, धुतलं, पोरं वाढवली. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आता तेवढंही होत नाही, मग मी उरले कशाला?" हाच प्रश्न निराळ्या शब्दांत आम्ही रुग्णांच्या नातेवाइकांकडून ऐकतो आणि, कबूल केले पाहिजे, आमच्या कर्मचाऱ्यांकडूनही ऐकतो.

ज्या श्रद्धेतून हे रुग्णालय उभे राहिले ती या प्रश्नाकडे कशी पाहते, हे आमच्या हितचिंतकांना ठाऊक असावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ती कोणावर लादण्याचा प्रश्नच नाही.

मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा निर्माण केला गेला, असे पवित्र शास्त्राच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. याचा अर्थ असा की माणसाचे मोल त्याच्या कर्तबगारीतून उत्पन्न होत नाही. ते त्याला आधीच दिलेले असते. आम्ही वाणिज्य शाखेचे असल्याने हे आम्हांस आरंभीच्या शिलकेसारखे वाटते. वहीत पहिला व्यवहार लिहिण्यापूर्वीच ती मांडलेली असते. पुढे केलेले काम ही त्या देण्याची कृतज्ञ पोच होय. ती त्याची किंमत नव्हे. प्रभू येशूंनी आपल्या कार्यास आरंभ केला तेव्हा ते सुमारे 30 वर्षांचे होते, असे लूक लिहितो. तत्पूर्वीचा काळ नासरेथ या लहान गावात गेला. गावकरी त्यांना सुतार म्हणूनच ओळखत होते. त्या वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात; तरीही ती वर्षे वाया गेली असे कोणी ख्रिस्ती मनुष्य म्हणत नाही.

याचे आम्हांस सर्वांत प्रिय उदाहरण आहे ते पॅरिसमधील कार्मेल संघाच्या मठातील बंधू लॉरेन्स यांचे. लॉरेन प्रांतात जन्मलेला हा गरीब मनुष्य प्रथम सैनिक होता. युद्धात जखमी होऊन तो कायमचा लंगडा झाला. 1640 साली तो मठात दाखल झाला तो धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा सेवक बंधू म्हणून. त्याच्या वाट्याला मुदपाकखाना आला आणि त्या कामाचा त्याला मनापासून तिटकारा होता. ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते, कारण आवडीच्या कामात अर्थ सापडणे फारसे कठीण नसते. या गृहस्थाने सुमारे 15 वर्षे ते नावडते काम केले. भांड्यांचा खणखणाट आणि चार जणांच्या एकदम हाका चालू असतानाही देव प्रार्थनागृहात असतो तितकाच येथे आहे, एवढेच तो स्वतःला पुनःपुन्हा आठवून देई. मठासाठी द्राक्षारस खरेदी करण्यास त्याला दूर बर्गंडीला पाठवीत. व्यवहाराचे ज्ञान नाही आणि पाय अधू, त्यामुळे नावेतील पिंपांवरून तो अक्षरशः गडगडत पुढे सरके. खरेदी विभागाचे काम पाहिलेल्या कोणालाही त्याची कणव यावी! पुढे पायाचे दुखणे वाढल्यावर तो बसून पायताणे दुरुस्त करू लागला. काम आणखी हलके झाले, परंतु आपली योग्यता घटली असे त्याला वाटले नाही. 1691 साली तो निवर्तला. त्याची पत्रे व संभाषणे मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली आणि आजही वाचली जातात.

हे दूरच्या फ्रान्सचे झाले. आपल्याकडे दौंडजवळील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात विधवा, टाकून दिलेल्या व दुष्काळातून वाचलेल्या स्त्रिया शेती, विणकाम आणि छपाई शिकल्या. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्या 1922 साली वारल्या आणि ग्रंथ 1924 साली बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविणारे हात तेथील स्त्रियांचेच होते. ज्यांना घराने नकोशा ठरविले होते, त्यांनी एकेक अक्षर उचलून हे काम तडीस नेले.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. "हे देवाचे काम आहे" असे म्हणून कर्मचाऱ्यास कमी वेतनावर राबविणे, हा या शिकवणुकीचा उघड दुरुपयोग आहे. कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, अशा आशयाचे कठोर शब्द याकोबाच्या पत्रात आहेत. सेवाभाव ही कर्मचाऱ्याने स्वतः द्यावयाची वस्तू आहे, व्यवस्थापनाने वसूल करावयाची नव्हे. एका पावसाळ्यात आमच्या धुलाई विभागातील दोघीजणी आजारी पडल्या. शस्त्रक्रियागृहाची कापडे वेळेवर सुकली नाहीत आणि ठरलेल्या शस्त्रक्रिया दोन दिवस पुढे ढकलाव्या लागल्या. त्या वर्षीच्या अहवालात शल्यचिकित्सकांचे आभार होते, धुलाई विभागाचा उल्लेख नव्हता. ती चूक आमचीच होती.

आजींच्या बाबतीत आम्ही सुचविले होते की, डाव्या हाताने जमेल असे गॉजच्या घड्या घालण्यासारखे काही काम द्यावे, म्हणजे त्यांना बरे वाटेल. सिस्टरांनी ते तत्काळ नाकारले. त्या म्हणाल्या, "काम मागाहून बघू, साहेब. गेले आठ दिवस सगळे त्यांना 'बारा नंबर' म्हणत आहेत. आधी त्यांना नावाने हाक मारू या." दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक खाटेच्या पाटीवर क्रमांकाच्या वर रुग्णाचे नाव ठळक अक्षरांत लिहिले जाऊ लागले. आजी अजून चालत नाहीत. नावाने हाक मारली की मात्र मान वळवून "काय गं?" असे विचारतात.