लिव्हर ओढूनही डोझर वळत का नाही?

पाटण, जावळी, शिराळ्याच्या उतारांवर शेत सपाट करणाऱ्या जुन्या चेन डोझरला स्टिअरिंगचे चाक नसते. दोन लिव्हर असतात. डावा ओढला की डावीकडचा क्लच सुटतो, त्या चेनची ताकद थांबते आणि उजवी चेन यंत्राला डावीकडे वळवते. जागेवर वळायचे तर त्याच बाजूचा ब्रेक दाबायचा.

कॅटरपिलर डी-४ सारख्या जुन्या यंत्रांत हे क्लच कोरडे असतात. पावसाळाभर यंत्र उभे राहिले की प्लेटा गंजून चिकटतात आणि क्लच सुटतच नाही. म्हणून उभे करतानाच दोन्ही लिव्हर मागे ओढून बांधावेत. प्लेटांवरचा दाब निघतो. उलट, सील गळून प्लेटांवर ऑइल आले तर क्लच घसरतो, ओझ्याखाली यंत्र त्याच बाजूला ओढते. लिव्हरची मोकळी चाल संपली तरी तेच होते. खोलाखोलीआधी ही चाल तपासा, काम तेवढ्यावरही भागते.

खरा धोका उतरताना. स्वतःच्या वजनाने खाली जाणाऱ्या डोझरचा डावा क्लच ब्रेकविना सोडला, तर इंजिनाचा अडसर सुटून डावी चेन जास्त पळते आणि यंत्र उजवीकडे वळते. ताल उजवीकडे असेल, तर नव्या ऑपरेटरला सावरायला वेळ मिळत नाही.