तुमची उत्तरपत्रिका कोणाची?



निकालाचे दिवस आले की आपल्या शनिवारच्या वर्गाबाहेर पालकांची एकच चर्चा रंगते. पेपर तर छान गेला होता, मग एवढेच गुण कसे? कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी तपासनिसाला, आणि शेवटी "जाऊ द्या, आपल्या हातात काय आहे" असे म्हणून मंडळी गाडीच्या किल्ल्या शोधू लागतात. आपल्या हातात नेमके काय आहे, हेच या लेखात सांगायचे आहे. आम्ही वकील नाही, सॉफ्टवेअरवाले आहोत. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यावर आमचे पोट चालते, म्हणून नियम वाचायची खोड लागली आहे, इतकेच.

गोष्ट आपल्या महाराष्ट्रापासूनच सुरू होते. पालकांपैकी अनेकांनी दहावी-बारावी दिली ती महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची. या मंडळाचा जुना नियम असा होता की निकालाबद्दल शंका असेल तर गुणांची पडताळणी मागा. पडताळणी म्हणजे सगळी उत्तरे तपासली आहेत का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढेच. उत्तरपत्रिका बघायला मिळणार नाही आणि ती पुन्हा तपासूनही मिळणार नाही. काही विद्यार्थी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि जुलै १९८४ मध्ये तिथे मंडळ जिंकले. न्यायालयाचे म्हणणे साधारण असे होते की लाखो मुलांच्या परीक्षेत प्रत्येकाला पेपर दाखवत बसले तर निकाल कधीच पक्का व्हायचा नाही, आणि परीक्षा कशी घ्यायची हे त्या क्षेत्रातल्या जाणकारांवर सोडावे. आमच्या पिढीने परीक्षा दिल्या त्या या निकालाच्या सावलीत. उत्तरपत्रिका एकदा बाईंच्या हाती दिली की ती परत दिसायची नाही, हे आम्ही सूर्य पूर्वेला उगवतो तसे धरून चाललो होतो.

पुढे २००५ साली माहिती अधिकाराचा कायदा आला. २००८ साली सीबीएसईची दहावीची परीक्षा दिलेल्या एका मुलाने या कायद्याखाली अर्ज करून स्वतःची उत्तरपत्रिका बघायला मागितली. बोर्डाने नकार दिला. तो कलकत्ता उच्च न्यायालयात गेला, तिथे जिंकला, बोर्ड दिल्लीला गेले, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की तपासलेली उत्तरपत्रिका ही कायद्याच्या अर्थाने 'माहिती' आहे, आणि ज्याने ती लिहिली त्याला ती बघण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे.

मुलांनो, इथे जरा थांबून नीट वाचा, कारण या निकालाचा अर्थ पुष्कळदा भलताच सांगितला जातो. न्यायालयाने बघण्याचा हक्क दिला. पेपर पुन्हा तपासून मागण्याचा हक्क त्यातून आपोआप मिळत नाही, तो बोर्डाच्या नियमावर अवलंबून राहतो. तपासनिसाचे नाव तुम्हाला कळणार नाही, कारण रागावलेले पालक त्याच्या दारात जाऊन उभे राहू नयेत (आणि ते राहतील, याबद्दल आमच्या मनात शंका नाही). तिसरी बाब सगळ्यात महत्त्वाची. बोर्ड उत्तरपत्रिका जितके दिवस जपून ठेवते तितकेच दिवस हा हक्क टिकतो. त्या खटल्याच्या वेळी सीबीएसई त्या तीन महिने ठेवत असे. म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाऊन आंबे खाऊन ऑगस्टच्या शेवटी परत आल्यावर "आता बघू या" म्हटले, तर बघायला काही शिल्लकच नसेल.

माहिती अधिकाराचा कायदा भारतीय नागरिकांना लागू आहे. दुबईत राहिलो म्हणून तो हक्क जात नाही. मात्र ज्यांच्या मुलांनी दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे आणि हाती केवळ ओसीआय कार्ड आहे, त्यांना या कायद्याचा उपयोग नाही. त्यांनी बोर्डाच्या स्वतःच्या वाटेने जावे. तशी ती वाट सर्वांनाच सोयीची आहे. निकालानंतर सीबीएसई परिपत्रक काढते आणि ठरावीक दिवसांत ऑनलाइन अर्ज घेते. २०२५ पासून क्रम बदलला आहे. आधी उत्तरपत्रिकेची प्रत घ्यायची, ती घरी शांतपणे बघायची, आणि मग गुणांची पडताळणी, फेरतपासणी किंवा दोन्ही मागायचे. पूर्वी प्रत न बघता आधी पडताळणीचे पैसे भरावे लागत, म्हणजे रोग न कळता औषध घेण्यासारखे होते. नवा क्रम शहाणपणाचा आहे. पण फेरतपासणीत गुण कमीही होऊ शकतात, आणि एक गुण कमी झाला तरी तो कमीच धरला जातो. म्हणून प्रत आली की बोर्डाने प्रसिद्ध केलेली गुणदान-योजना शेजारी ठेवा आणि प्रश्नाप्रश्नाने ताडून बघा. हे काम मुलांनी स्वतः करावे. आईबाबांनी केले तर प्रत्येक उत्तर बरोबरच दिसते.

आता एक गंमत सांगतो. ज्या महाराष्ट्र मंडळाने १९८४ साली पेपर न दाखवण्याचा खटला जिंकला, तेच मंडळ आज उत्तरपत्रिकेची छायाप्रत देते, आणि पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. निकाल लावणे काही बंद पडले नाही.

इथपर्यंतचे सगळे बोर्डाच्या पेपराबद्दल झाले. पण दहावीच्या शंभर गुणांतले वीस गुण शाळा देते. चाचण्या, वही, प्रकल्प, प्रयोग यांचे ते अंतर्गत गुण. ते शाळेने एकदा बोर्डाकडे चढवले की बदलत नाहीत. शिवाय दुबईतली खासगी शाळा भारताच्या माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही. म्हणून इथे निकालानंतरच्या दाद मागण्याला अर्थ नाही, वेळीच विचारण्याला आहे. सप्टेंबरातच विचारा की प्रकल्पाचे पाच गुण कशावर देणार? त्याचा तक्ता आहे का? चाचणीचे पेपर घरी येतात का? विचारणे हा उद्धटपणा नाही. चांगल्या शिक्षकांना असा प्रश्न आवडतो, असा आमचा अनुभव आहे.

आपल्या सिलिकॉन ओएसिसच्या आसपास ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळाही आहेत आणि आपल्या वर्गातली काही मुले तिथे जातात. त्यांची रीत थोडी निराळी आहे. पीअर्सन एडेक्सेल, एक्यूए अशा ब्रिटिश बोर्डांच्या नियमांत शिक्षकांनी दिलेले कोर्सवर्कचे गुण बोर्डाकडे पाठवण्याआधी विद्यार्थ्याला सांगावे लागतात, म्हणजे त्याला शाळेतच फेरविचार मागता येतो. परीक्षेच्या पेपरासाठी अर्ज शाळेमार्फत जातो, आणि श्रेणी खालीही येऊ शकते म्हणून विद्यार्थ्याची लेखी संमती लागते. पालकांची सही तिथे चालत नाही. आम्हाला हे फार आवडले.

नियम आधी माहीत असणे किती मोलाचे असते, ते करोनाच्या काळात दिसले. २०२० साली इंग्लंडमध्ये परीक्षा झाल्या नाहीत. शिक्षकांनी श्रेणी सुचवल्या आणि संगणकाच्या एका सूत्राने त्या 'दुरुस्त' केल्या. शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल कसे होते ते बघून आजच्या मुलाची श्रेणी ठरली. १३ ऑगस्टला ए-लेव्हलचे निकाल लागले तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळजवळ ३९ टक्के खाली आल्या होत्या. मुले रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला ते सूत्र रद्द झाले. पुढच्या वर्षी, २०२१ मध्ये, सीबीएसईने बारावीसाठी दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के असे सूत्र काढले. त्यातही शाळेच्या जुन्या निकालांची मर्यादा होतीच. फरक असा की सूत्र निकालाआधी जाहीर झाले, ते सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले गेले, आणि ज्याला पटले नाही त्याला नंतर परीक्षा देण्याची मोकळीक ठेवली. सूत्र कोणतेही घ्या, कोणावर तरी अन्याय होतोच, हे आम्ही धंद्यातले म्हणून सांगतो. पण ज्याच्यावर झाला त्याला दार उघडे असले पाहिजे.

गुणांपेक्षाही जास्त दूरवर परिणाम करणारी गोष्ट म्हणजे विषयांची निवड. इथे पालक सर्वांत गाफील असतात. सीबीएसईने २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताचे दोन स्तर केले, स्टँडर्ड आणि बेसिक. बेसिकचा पेपर सोपा असतो, आणि "टक्केवारी वाढेल" म्हणून तो घेण्याचा मोह होतो. पण मूळ नियमाप्रमाणे बेसिक घेतलेल्या मुलाला अकरावीत नेहमीचे गणित घेता येत नाही, उपयोजित गणित घ्यावे लागते. मधल्या वर्षांत बोर्डाने सवलत दिली की मुलाची कुवत मुख्याध्यापकांना पटली तर त्याला गणित घेऊ द्यावे. सवलत म्हणजे हक्क नव्हे. त्या त्या वर्षाचे परिपत्रक बघून घ्या. एका खिडकीत केलेली खूण मुलाचे अभियांत्रिकीचे दार बंद करू शकते. म्हणून त्या कागदावर सही करण्याआधी मुलाला समोर बसवून बेसिक म्हणजे काय ते सांगा, आणि त्याचे म्हणणे ऐका.

अकरावीची गोष्ट तशीच. विज्ञानाला अमुक टक्के हवेत असा सीबीएसईचा नियम नाही. ती रेषा शाळा आखते. प्रयोगशाळेत जागा मर्यादित असतात, शिक्षक मोजके असतात, तेव्हा रेषा आखणे चूक नाही. पण ती लेखी हवी, आधी जाहीर हवी आणि सर्वांना सारखी हवी. ओळखीतल्या एका मुलीला तिच्या शाळेने सराव परीक्षेच्या गुणांवरून "तू कॉमर्सच घे" असे तोंडी सांगितले. ती घरी येऊन रडली. तिच्या आईने भांडण केले नाही. "प्रवेशाचा लेखी निकष कृपया पाठवावा" एवढ्या दोन ओळी लिहिल्या. निकषात सराव परीक्षेचा उल्लेखच नव्हता, बोर्डाचे गुण धरायचे होते. मुलगी आज भौतिकशास्त्र शिकते आहे.

शाळेकडून उत्तर आले नाही तर? आधी वर्गशिक्षक, मग पर्यवेक्षक, मग प्राचार्य, आणि प्रत्येक पायरीवर ईमेल, म्हणजे तारीख राहते. शाळेची तक्रार-पद्धत संपल्यावर केएचडीएकडे जाता येते. दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख तीच करते. प्रवेशाच्या वेळी आपण सही केलेला पालक-शाळा करार पुष्कळांनी वाचलेलाच नसतो, तो कपाटातून काढा. ज्या मुलांना वाचण्या-लिहिण्यात अडचण आहे त्यांच्यासाठी दुबईत २०१७ पासून समावेशक शिक्षणाचा आराखडा आहे, आणि सीबीएसईही अशा मुलांना जादा वेळ व लेखनिक देते. पण वैद्यकीय कागद लागतात आणि अर्ज शाळेमार्फत परीक्षेच्या बराच आधी जातो. या देशाचा २०१६ चा बालहक्कांचा कायदा, ज्याला वदीमा कायदा म्हणतात, मुलाला त्याच्या वयाला शोभेल असे मत मांडण्याचा हक्क देतो. तेव्हा प्राचार्यांच्या भेटीला जाताना मुलाला बरोबर न्या, आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारू द्या.

सीबीएसईचे विभागीय कार्यालय २०२४ पासून दुबईतच आहे. तरी अर्जाच्या तारखा बोर्डाच्या संकेतस्थळावरच बघाव्यात, कारण निकालानंतरच्या खिडक्या काही दिवसांच्याच असतात आणि त्या भारतीय वेळेने बंद होतात. इथे रात्रीचे साडेदहा म्हणजे तिथे बारा वाजलेले असतात.