पाण्याचा कायदा आणि भावाचा कायदा

महाराष्ट्रात शेतीविषयक कायद्यांसाठी नागरिकांनी गेल्या पन्नास वर्षांत जे प्रयत्न केले, त्यांच्या दोन वेगळ्या धारा दिसतात. पहिली पाण्याची. विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा हक्क जमिनीच्या मापाने न देता माणशी द्यायचा, भूमिहीनालाही वाटा द्यायचा आणि ऊस लावायचा नाही, असे नियम तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःवर घालून घेतले. दुसरी धारा भावाची. चाकणच्या कांदा आंदोलनातून शरद जोशी यांची शेतकरी संघटना राज्यभर पोचली आणि घामाचे दाम हा प्रश्न तिने कायमचा सार्वजनिक चर्चेत आणला. दोन्ही धारांनी पुढच्या कायद्यांवर ठसा उमटवला. पण पाण्यावाल्यांनी भावाचा आणि भाववाल्यांनी पाण्याचा विचार आपल्या मागणीत क्वचितच गुंफला. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरसारख्या तूर-सोयाबीनच्या तालुक्यातून हा सारा काळ पाहिला की लक्षात येते, टिकाऊ शेतीला कायद्याचा आधार मिळाला नाही याचे एक मोठे कारण या फारकतीत आहे.

पाण्याच्या बाजूने झालेले काम थोडेथोडके नाही. दांडेकर, देऊसकर आणि देशमुख यांच्या समितीने 1979 मध्येच आठमाही पाण्याची शिफारस केली होती. धरणाचे पाणी बारमाही उसाला न देता जास्तीत जास्त शेतकऱ्यांच्या खरीप-रब्बीला मिळावे, हा त्यामागचा विचार. 2005 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा असे दोन कायदे झाले. प्राधिकरणाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रात बारमाही पिकाला कालव्याचे पाणी हवे असेल तर ठिबक किंवा तुषार सिंचन लागेल, अशी तरतूदही पहिल्या कायद्यात आली. मात्र कायदा राजपत्रात छापला गेला की काम झाले, अशी समजूत शासनाची होती आणि समाजाचीही. औरंगाबादच्या वाल्मीतून (जल व भूमी व्यवस्थापन संस्थेतून) निवृत्त झालेले प्रदीप पुरंदरे वर्षानुवर्षे सांगत आले की 1976 च्या सिंचन कायद्याचे नियमच तयार झालेले नाहीत. एकात्मिक राज्य जल आराखडा नसतानाच प्रकल्पांना मंजुऱ्या दिल्या जात होत्या, म्हणून त्यांनी 2014 मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतर कुठे राज्य जल परिषदेची पहिली बैठक 2015 मध्ये झाली. 2005 च्या कायद्याने नेमलेली परिषद कायद्यानंतर जवळपास दहा वर्षांनी बसते, तीही एका नागरिकाने न्यायालयाचे दार ठोठावल्यावर, ही गोष्ट पाठपुराव्याचे मोल पुरेसे स्पष्ट करते.

उदगीर भागाला सर्वांत जवळचा कायदा भूजलाचा आहे, कारण इथली शेती कालव्यापेक्षा पावसावर, विहिरीवर आणि बोअरवर चालते. बालाघाटच्या या पठाराखाली काळा बेसाल्ट आहे. वरच्या मुरमाच्या थरात पाणी मुरते आणि विहिरीला मिळते. खालच्या पाषाणात मात्र फटी-भेगांपुरतेच पाणी असते आणि ते पुन्हा भरायला फार वेळ लागतो. बोअरची गाडी शेतात उभी राहते, पहिल्या काही फुटांत ओला मुरूम वर येतो, मग पाषाण लागतो आणि हवेच्या दाबाने राखाडी फुफाटा उडू लागतो. फुटाच्या दराने पैसे चढत जातात. दोनशे फुटांवर काही लागले नाही की आणखी शंभर फूट जाऊ, असे ठरते, कारण इथवर घातलेला पैसा सोडवत नाही. बोअर फेल गेली तर कर्ज उरते. पाणी लागले तर अनेकदा शेजारच्याची विहीर आटते. 1993 च्या कायद्याने फक्त पिण्याच्या पाण्याचे सार्वजनिक उद्भव राखले होते. 2009 मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेला आणि 2014 पासून लागू झालेला भूजल कायदा पुष्कळ पुढे गेला. अधिसूचित क्षेत्रात शेती आणि उद्योगासाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी, विहिरींची आणि बोअरच्या यंत्रांची नोंदणी, पाणलोट क्षेत्रनिहाय समित्या आणि उपलब्ध पाणी पाहून पीक आराखडा, एवढे सगळे त्यात आहे. नियमांचा मसुदा मात्र हरकतींसाठी लोकांपुढे आला तो जुलै 2018 मध्ये. विधिमंडळाच्या मंजुरीनंतर नऊ वर्षे गेली होती आणि त्याच काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

या मसुद्यावर शेतकऱ्यांचा रोष होता आणि त्यातला मोठा भाग रास्त होता. जास्त पाणी पिणारे पीक घेऊ नका, असे कायदा सांगतो. त्याऐवजी जे पीक घ्यायचे ते कोण विकत घेणार, यावर तो काहीच बोलत नाही. ही शंका हवेतली नव्हती. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून जलदूत रेल्वे लातूरला आली. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, डाळीचे भाव आधी कडाडलेले होते आणि कडधान्ये पेरा असे आवाहन सरकारही करत होते. शेतकऱ्यांनी तूर पेरली. कमी पाण्याची, जमिनीत नत्र धरणारी, पानगळीने माती सुधारणारी तूर. 2017 च्या सुरुवातीला माल मोंढ्यात आला तेव्हा बोनससह हमीभाव क्विंटलला 5,050 रुपये होता आणि बाजारभाव त्याच्या बराच खाली गेला होता. खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. सातबाऱ्यावरचा पीकपेरा दाखवा, ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, चाळणी लावा, टोकन घ्या, अशा पायऱ्या चढत ट्रॅक्टर दिवसेंदिवस रांगेत उभे राहिले आणि 22 एप्रिलला खरेदी बंद झाल्याचे जाहीर झाले. ओरड झाल्यावर राज्याला पुन्हा खरेदी सुरू करावी लागली. दरम्यान मोझांबिकमधून तूर आणण्याचा करार आधीच झालेला होता आणि आपल्या डाळींच्या निर्यातीवर बंदी होती. पर्यावरणाच्या दृष्टीने योग्य तेच शेतकऱ्याने केले आणि त्याची शिक्षा त्यालाच झाली. ज्या उदगीरची ओळख डाळमिलांमुळे आहे, तिथे या अन्यायाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

याउलट उसाकडे पाहू. ऊस नियंत्रण आदेशामुळे त्याला रास्त आणि किफायतशीर दराचे वैधानिक संरक्षण आहे. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर व्याज द्यायचे, हे कायद्यात लिहिलेले आहे. कारखाने थकबाकी ठेवतात हे खरे, पण ती मागायला शेतकऱ्याच्या हातात कायदा आहे. तुरीचा हमीभाव ही सरकारची घोषणा आहे आणि तिच्यामागे तसा कायदा नाही. म्हणजे जे पीक सर्वाधिक पाणी पिते त्याला कायद्याचे छत्र आणि जे पीक पाणी राखते ते उघड्यावर. मराठवाड्यातला शेतकरी उसाकडे वळला तो हावरटपणाने, असे म्हणणाऱ्यांनी ही विषम मांडणी आधी पाहावी. भावाची चळवळही इथे कमी पडली. 2020 च्या केंद्रीय कृषी कायद्यांवर देशभर वाद पेटला तेव्हा जुलै 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने आपली तीन सुधारणा विधेयके मांडून दोन महिने लोकांच्या सूचना मागवल्या. करार हमीभावापेक्षा कमी दराने होऊ नये, अशी चांगली तरतूद त्यांत होती. कोणत्या पाणलोटात कोणत्या पिकाला आधार द्यावा, हा विचार मात्र त्यांत नव्हता. त्या वर्षी नोव्हेंबरात केंद्राने कायदे मागे घेतले आणि ही चर्चाही तिथेच थांबली. 2018 च्या मसुद्यात पाणी होते, भाव नव्हता. 2021 च्या विधेयकांत भाव होता, पाणी नव्हते.

पाणी आणि भाव एकाच कायद्यात आणावेत, या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो हिवरे बाजारचे नाव घेऊन. गावाने ठरवले तर कायद्याची गरजच काय? हिवरे बाजारने सिंचनासाठी बोअर नाकारले, उसाला बंदी घातली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला आणि ते वंदनीयच आहे. पण पाणलोटाची हद्द गावच्या शिवेवर थांबत नाही. एका गावाने संयम पाळला आणि शेजारच्या गावाने आठशे फूट बोअर मारले तर संयमी गावाला संरक्षण कोण देणार? ते कायद्यानेच मिळते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असा कायदा शेवटी लहान शेतकऱ्यावरच उगारला जाईल आणि मोठा बागायतदार सुटेल, असे म्हणतात, आणि आजवरचा अनुभव पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणूनच परवानगी आणि दंडाचे अधिकार कार्यालयाकडे एकवटण्याऐवजी पाणलोट समितीला खरे अधिकार देणारे नियम हवेत आणि पहिला अंकुश मोठ्या उपशावर हवा. लातूरसह 13 जिल्ह्यांत राबवलेल्या अटल भूजल योजनेने गावकरी पाण्याचा अंदाज मांडू शकतात हे दाखवून दिले आहे. तिसरा आक्षेप अर्थतज्ज्ञांचा. सरकारने सगळा माल हमीभावाने घेतला तर तिजोरी रिकामी होईल. पण सगळा माल घ्या, अशी मागणी इथे नाहीच. जिथे कायदा शेतकऱ्याच्या पीकनिवडीवर मर्यादा घालतो, त्या अधिसूचित पाणलोटात, आराखड्यात नेमून दिलेल्या पिकांपुरती खरेदीची हमी द्यावी, एवढीच ती आहे. रेशन, अंगणवाडी आणि शालेय पोषण आहार यांना तूर आणि ज्वारी लागतेच. निर्बंध सार्वजनिक हितासाठी असेल तर त्याचा भार एकट्या शेतकऱ्याने का सोसावा?

या मागोव्यातून पुढच्या कामाची दिशा मिळते. भूजल कायद्याच्या नियमांत पीक आराखड्याच्या कलमाशेजारीच खरेदीचे कलम हवे: आराखडा मंजूर झालेल्या पाणलोटासाठी हंगामापूर्वी खरेदी केंद्र जाहीर करणे, ठरलेल्या मुदतीत पैसे देणे आणि उशिराला व्याज देणे, म्हणजे उसाला जे आहे तेच तुरीला. ही मागणी पाणी चळवळीने आणि शेतकरी संघटनांनी एकाच निवेदनात करायला हवी. ग्रामसभांनी तसे ठराव करावेत, बाजार समित्यांनी त्यांना पाठिंबा द्यावा आणि आमदारांना त्यावर सभागृहात बोलायला भाग पाडावे. मसुदा हरकतींसाठी येईल तेव्हा पाहू, असे म्हणून चालणार नाही. आपला मसुदा आपणच आधी लिहून ठेवला पाहिजे. कायदा संमत झाला की घरी जायचे, ही सवय आपल्याला फार महागात पडली आहे. नियम, समिती, खरेदी केंद्र आणि पैसे जमा झाल्याची नोंद इथपर्यंत पाठपुरावा गेला, तरच उदगीरच्या शेतकऱ्याला जमिनीचे भले आणि घराचे भले यांतून एकाची निवड करावी लागणार नाही.