रोमचे चित्रपट आपल्याला का आवडतात?

पहिली पाळी संपवून थेट इथे आलेली मंडळी समोर दिसताहेत, त्यांचे आधी आभार. आजचा विषय ऐकून कुणालाही वाटेल, शेंद्र्यात बसून रोमचं काय करायचं? प्रश्न रास्त आहे. रोमची भाषा आपली नाही, देव आपले नाहीत. तरीही टीव्हीवर ‘ग्लॅडिएटर’ लागला की आपण चॅनल बदलत नाही. असं का होतं, ते आज आपण पाहू.

ही ओढ काही कालची नाही. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तो काळ रोमच्या अंमलाखालचा. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि फाळक्यांच्या डोळ्यांसमोर राम-कृष्ण उभे राहत होते. त्यातून १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पुढे १९५८ मध्ये बिमल रॉय यांनी ‘यहुदी’ काढला, त्यात तर दिलीपकुमार चक्क रोमन राजपुत्र होता! म्हणजे दुसऱ्याचा इतिहास पाहून भारावणं ही आपली जुनी सवय आहे.

आता कारणांकडे येऊ. पहिलं कारण सगळ्यांना सुचतं: भव्यता. १९५९ च्या ‘बेन-हर’मधली रथांची शर्यत आठवा. जवळपास नऊ मिनिटं घोडे धावताहेत, चाकं मोडताहेत, आणि आजच्यासारखा संगणक मदतीला नाही. पण नुसत्या भव्यतेवर चित्रपट तरत नाही. १९६३ च्या ‘क्लिओपात्रा’ला गर्दी भरपूर झाली, तरी खर्च इतका अफाट झाला होता की त्यानं स्टुडिओला दिवाळखोरीच्या दारात नेऊन ठेवलं. आणि आज तो मनापासून आठवणारे किती जण सापडतील?

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. बेन-हर, स्पार्टाकस आणि ‘ग्लॅडिएटर’मधला मॅक्सिमस, हे तिघंही गुलामी भोगलेले. वर उंच आसनावर सत्ता बसलेली, खाली मातीत एक एकटा माणूस. रोमची गोष्ट म्हणून आपण पाहतो ती सम्राटाची गोष्ट नसतेच, ती त्या मातीतल्या माणसाची असते. साहेबासमोर मान खाली घालून उभं राहिलेल्या कुणालाही ती समजते, त्यासाठी लॅटिन यावं लागत नाही.

‘स्पार्टाकस’मध्ये, १९६० सालच्या, एक प्रसंग आहे. पराभवानंतर रोमन सैन्य विचारतं, तुमच्यातला स्पार्टाकस कोण? आणि एकेक कैदी उठून ते नाव स्वतःवर घेतो. हे पाहताना मराठी प्रेक्षकाच्या मनात कोण येतं? शिवा काशीद. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराजांना निसटता यावं म्हणून तो शिवाजी बनून पालखीत बसला. आपले ऐतिहासिक चित्रपटसुद्धा बहुतेक वेळा राजापेक्षा मावळ्यावर उभे असतात. बाबूराव पेंटरांचा १९२३ चा ‘सिंहगड’ तानाजीचा, २०२२ चा ‘पावनखिंड’ बाजीप्रभूंचा. रोमच्या चित्रपटात आपण परक्या वेशातला मावळाच पाहत असतो.

इथवर सगळं गोड आहे. आता जरा अडचणीचं बोलू.

हे चित्रपट इतिहासाशी किती इमान राखतात? स्पार्टाकसला चित्रपटात क्रुसावर चढवलंय. प्रत्यक्षात तो लढाईत पडला आणि त्याचा मृतदेह कधी ओळखू आला नाही. क्रुसावर गेले ते त्याचे पकडलेले ६,००० साथीदार. बेन-हर युद्धनौकेवर बेड्यांत वल्ही मारतो, पण रोमच्या युद्धनौकांवर वल्हेकरी सहसा गुलाम नसत, मोकळी माणसं असत. मॅक्सिमस तर जन्मलाच नव्हता! सम्राट कॉमोडस इसवी सन १९२ मध्ये मेला खरा, पण आखाड्यात नव्हे, त्याला एका मल्लानं गळा दाबून मारलं. आणि तो प्रसिद्ध अंगठा? रोमन प्रेक्षक अंगठ्याची खूण करत एवढं नक्की, ती वर की खाली हे कुणालाच ठाम सांगता येत नाही. आपल्या डोक्यात बसलेली खूण १८७२ च्या एका फ्रेंच चित्रामुळे बसली.

हे ऐकून तुम्हाला राग आला का? नाही आला. उलट मजा वाटली. आणि हेच या चित्रपटांच्या आकर्षणाचं तिसरं कारण आहे. रोमच्या गोष्टीत आपण रडतो, चिडतो, पण घरी जाताना कुणाशी हिशेब चुकता करायचा नसतो. कॉमोडसचे वंशज आपल्या गल्लीत राहत नाहीत.

आपल्या इतिहासाचं तसं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ आला. थिएटरात माणसं ढसाढसा रडली, त्यात खोटं काही नव्हतं. पण पुढच्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणू लागले, कारण तिथे मोगलांचं सोनं पुरलंय अशी अफवा उठली. त्याच महिन्यात आपल्या खुलताबादच्या कबरीवरून वाद पेटला, नागपुरात हिंसाचार झाला, संचारबंदी लागली. त्याला राजकारणासह इतर कारणंही होती, सगळं खापर एका चित्रपटावर फोडणं बरोबर नाही. पण पडद्यावरचा प्रसंग आणि बाहेरचा रस्ता यांतलं अंतर किती पटकन मिटतं, हे आपण आपल्याच जिल्ह्यात पाहिलं. दुकानाचं शटर कुणाचं का पडेना, त्या दिवसाची मजुरी बुडाली ती हातावर पोट असलेल्यांची.

मग आपले चित्रपट पाहायचे नाहीत का? जरूर पाहायचे, रडायचं असेल तर रडायचं. फक्त रोमचा चित्रपट पाहताना जी सवड आपण स्वतःला देतो, तीच इथेही द्यायची. बाहेर पडल्यावर तीन प्रश्न विचारायचे. यातलं कोण खरंच होऊन गेलं? कोणता प्रसंग गोष्टीसाठी रचला? आणि चौकटीत कोण आलंच नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं एक उत्तर इथेच आहे. सातवाहनांच्या काळात पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचं कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजानं रोमच्या बाजारांकडे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या दोन्ही गावांची नावं आहेत. भारताकडे दरवर्षी ५ कोटी नाणी वाहून जातात, अशी तक्रार प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईत १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीचे अवशेष तेरला आणि शेजारच्या जालना जिल्ह्यात भोकरदनला सापडल्यानं अभ्यासक तिचं नातं आपल्या भागाशी जोडतात.

ती मूर्ती कोरणारा कारागीर, खडे घासणारे हात, गाडीवान, यांच्यावर अजून कुणी भव्य चित्रपट काढलेला नाही. पुढच्या वेळी पडद्यावर रोमन सरदार झुळझुळीत कापडात दिसला, तर ते कुणी विणलं असेल, एवढं मनात येऊ द्या.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ. दुसऱ्या पाळीला जायची घाई कुणाला असेल, त्यांनी आधी विचारावं.