पोटाला टाके, दुखतो खांदा

पित्ताशयाचं ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला पहिल्या रात्री पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त छळतो. पोटावर चार बारीक छिद्रं आणि ठणका खांद्यात! घरचे म्हणतात, टेबलावर आडवंतिडवं निजवलं असेल. शेजारच्या काकू बाम घेऊन येतात. माझ्याही खांद्याला तो मनोभावे चोळून झाला. उपयोग शून्य, कारण खांद्याला मुळात काही झालेलंच नसतं.

दुर्बिणीने ऑपरेशन करायचं तर पोटात आधी जागा करावी लागते. त्यासाठी कार्बन डायऑक्साइड भरून पोटाची भिंत वर उचलतात. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही, त्यामुळे आत विजेच्या उपकरणाने रक्तवाहिनी डागली तरी भीती नाही. शिवाय तो रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. शेवटी बराचसा काढून घेतात, पण थोडा मागे राहतोच. आपण उठून बसलो की तो वर चढतो आणि श्वासपटलाखाली जाऊन बसतो. आधीच ताणलं गेलेलं श्वासपटल चिडतं. त्याची तक्रार मेंदूकडे नेणारा मज्जातंतू निघतो थेट मानेतून, आणि खांद्याच्या कातडीच्या संवेदनाही मानेच्या त्याच पातळीवर पाठीच्या कण्यात शिरतात. त्या वाटेने आयुष्यभर खांद्याच्याच बातम्या आलेल्या असतात. मेंदू हेही दुखणं खांद्याच्या खात्यावर मांडून मोकळा होतो.

पण छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याची तार इतक्या वरून, मानेतून आणायची गरजच काय होती? याचं उत्तर वाचल्यावर मला खांदा विसरायला झालं. आईच्या पोटात आपण चार आठवड्यांचे, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे असतो, तेव्हा हा पडदा मानेच्या पातळीलाच घडायला सुरुवात होते. पुढे शरीर लांबतं, पडदा खाली सरकतो आणि जाताना आपला तंतू सोबत ओढत नेतो. म्हणजे मुलुंडच्या फ्लॅटमध्ये रात्री दोन वाजता जो खांदा ठणकतो, त्याचं कारण आपल्या जन्माच्या आठ महिने आधीचं आहे. दोन-तीन दिवसांत वायू जिरतो आणि ठणकाही जातो. (छातीत कळ, धाप, ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर मात्र ही कथा स्वतःला सांगत बसू नये, डॉक्टरांना फोन करावा.)

या पद्धतीने पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते 1985 मध्ये जर्मनीत, एरिख म्यूहे या सर्जनने. त्याच्याच देशातल्या बड्या सर्जननी तेव्हा नाकं मुरडली होती. भारतात ते पहिल्यांदा झालं आपल्या मुंबईत: 1990 मध्ये भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहमटन उदवाडिया यांच्या हातून. त्याआधी उजव्या बरगडीखाली लांबलचक छेद, आठवडाभर वॉर्ड, आणि डबे घेऊन लोकलने ये-जा करणारं सगळं घर असा मामला असे. आता एक-दोन दिवसांत हातात फाइल देऊन घरी पाठवतात. ही सुधारणाच, पण तिचा एक परिणाम आपण नीट लक्षात घेतलेला नाही. बरं होण्याचं काम वॉर्डातून उठून आपल्या वन-बीएचकेत आलं आहे. जिथे पूर्वी नर्स होती तिथे आता गॅलरी, रेडिओ, पेज आणि खिडकी आहे, आणि ही मंडळी दिसतात त्यापेक्षा बरीच कामाची आहेत.

घरी येताना फाइलबरोबर एक छोटी डबीही मिळते. तीत पित्ताशयातून निघालेले आपले खडे. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ती दाखवणं हा आजारपणातला पहिला छंद, आणि तो माणसं मोजून करावा, कारण आत्यांना आवडतो आणि चहा पिणाऱ्यांना आवडत नाही. खडे बरेच असतील तर एक नीट निरखून बघा. तो गोल नसतो, त्याला सपाट पैलू असतात. तीस-चाळीस मिलिलिटर मावेल एवढ्या पिशवीत वर्षानुवर्षं दाटीवाटीने राहून ते एकमेकांना घासत, दाबत चपटे होत गेलेले असतात.

दुसरं खेळणं म्हणजे तीन गोळ्यांचं यंत्र. पारदर्शक प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक हलका रंगीत गोळा, आणि एक नळी तोंडात धरायला. नवखा माणूस हमखास फुंकतो, आणि मग कोणीतरी ओरडतं, 'फुंकायचं नाही, ओढायचं!' हवा आत ओढली की पहिला गोळा टुणकन वर जातो. तो सेकंदाला 600 मिलिलिटरच्या वेगाला उठतो, दुसरा 900 ला, तिसरा 1200 ला. घरातलं शाळकरी पोर तिन्ही गोळे एका दमात वर चिकटवून दाखवतं आणि आपला दुसरा थरथरत अर्ध्यावरून परत येतो, तेव्हा मोठाच अपमान वाटतो. भुलीच्या औषधाखाली श्वास उथळ चाललेला असतो. त्यात फुप्फुसाच्या तळाकडचे पुष्कळ वायुकोश मिटून जातात. दोन्ही फुप्फुसांत मिळून हे कोश तीस ते पन्नास कोटींच्या घरात. पोट दुखतं म्हणून आपण घरीही श्वास चोरूनच घेतो, आणि मिटलेल्या कोशांत कफ साचतो. सावकाश, खोल ओढलेला एकेक श्वास त्यांना पुन्हा उघडतो. दुसरा गोळा टेकला त्या दिवशी माझ्याकडून घरच्यांना आइस्क्रीम होतं. मला मिळालं नाही.

खाण्यावरून आठवलं. ऑपरेशननंतर नर्स आणि डॉक्टर सगळ्यांसमोर, अगदी सासरच्या मंडळींसमोरही, एकच प्रश्न विचारतात: 'गॅस पास झाला का?' लाजायचं कारण नाही. पोटाला हात लागला की आतडी संपावर जातात, आणि कामावर परततात तीही क्रमाने. लहान आतडं काही तासांत, जठर एखाद्या दिवसाने, मोठं आतडं सर्वांत शेवटी. मोठ्या छेदाच्या ऑपरेशननंतर त्याला तीन दिवसही लागू शकतात, दुर्बिणीनंतर कमी. म्हणजे तो प्रश्न विचारणारा खरं तर शेवटचा कामगार हजर झाला का ते बघत असतो. काही रुग्णालयांत पेशंटला चक्क च्युइंगगम चघळायला देतात. पोटात काही जात नाही, पण जबडा हलला की जेवण येतंय असं मेंदूला वाटतं आणि तो आतड्यांना तसा निरोप धाडतो. त्यानंतर मिळणारी मऊ भाताची पेज, वर मीठ आणि दोन दिवसांनी मेटकूट, हिची चव एरवीच्या कुठल्याही पंक्तीत लागत नाही. तूप मात्र बेताने. पित्त यकृतातच तयार होत राहतं, पण साठवायची पिशवी गेल्यामुळे ते थेंबथेंब सतत आतड्यात उतरतं. तळणीचं ताट समोर आलं की एकदम मोठा हप्ता सोडायची सोय आता नाही. बहुतेकांचं शरीर काही आठवड्यांत याला सरावतं.

आणि या सगळ्या वेळात टाक्यांखाली काय चाललेलं असतं? पहिल्या काही तासांत रक्त गोठून छिद्र बुजतं. मग पांढऱ्या पेशी येऊन जंतू आणि मेलेला भाग साफ करतात. जखमेभोवतीची लाली आणि ऊब ही त्यांचीच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कोलॅजनचे धागे पडू लागतात, पण घाईघाईने, कसेही. पहिल्या आठवड्यात त्या जागेला मूळ कातडीच्या ताकदीच्या दहा टक्केही ताकद नसते. तीन आठवड्यांनी साधारण वीस-तीस टक्के. त्यानंतर शरीर स्वतःच विणलेलं उसवून, जिथे ताण पडतो त्या दिशेने, पक्क्या धाग्याने पुन्हा विणतं. हे काम वर्षभरही चालतं. तीन महिन्यांनी ताकद ऐंशी टक्क्यांवर पोचते आणि तिथेच थांबते; शंभर पुन्हा कधी होत नाही. बाहेरून जखम सुकलेली दिसते म्हणून पाण्याची बादली उचलायला निघालेल्या माणसाने हे आकडे वाचावेत. आतले टाके बहुधा विरघळणारे असतात. अंगातल्या पाण्यानेच धागा तुटत जातो आणि दोन-अडीच महिन्यांत नाहीसा होतो. सुश्रुतसंहितेत तर आतड्याच्या जखमेला काळ्या मुंग्या डसवून धड तोडायचं आणि डोकी तिथेच ठेवायची असं सांगितलं आहे. विरघळणाऱ्या टाक्याची कल्पना इतकी जुनी आहे.

दिवस घालवायला विणकाम, शब्दकोडी, जुने दिवाळी अंक, ज्याची त्याची आवड. मी रेडिओवाला. विविध भारती 3 ऑक्टोबर 1957 ला सुरू झाली. सगळ्या देशात ऐकू येणारं हे केंद्र आहे बोरिवलीत, गोराई रस्त्यावर. उपनगरातल्या पेशंटला घरचाच आवाज. ऑपरेशन आणि संगीत यांवर झालेल्या 73 चाचण्या एकत्र करून 2015 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लेख आला होता. सुमारे 7000 रुग्णांची ती माहिती. ज्यांना संगीत ऐकवलं त्यांना दुखणं कमी जाणवलं, वेदनाशामक औषधं कमी लागली, धास्तीही कमी होती. पूर्ण भुलीत असताना ऐकवलं तरी थोडा फरक पडलाच. आपल्या आवडीचंच लावलं तर फार जास्त फायदा होतो असं मात्र ठामपणे दिसलं नाही. सिनेमाची गाणी की भजन यावरून घरात वाद घालायचं कारण उरत नाही.

मला सर्वांत थक्क केलं ते खिडकीने. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने पेनसिल्व्हेनियातल्या एका उपनगरी रुग्णालयाच्या 1972 ते 1981 या काळातल्या नोंदी चाळल्या. रुग्ण सगळे पित्ताशयाचेच, म्हणजे आपलेच बिरादर. 46 जणांच्या त्याने 23 जोड्या लावल्या. वय, लिंग, धूम्रपान, वजन शक्य तितकं जुळतं. फरक एवढाच, की एकाच्या खिडकीतून झाडं दिसत आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडांना पानं असतात त्याच महिन्यांतले, 1 मे ते 20 ऑक्टोबरमधले, रुग्ण त्याने घेतले. झाडवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाले 8.70 दिवसांत. झाडवाल्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली, आणि रुग्ण अस्वस्थ आहे, रडतो आहे अशा नर्सच्या नोंदीही त्यांच्या बाबतीत फार कमी. 1984 मध्ये हे 'सायन्स'मध्ये छापून आलं. अभ्यास छोटा आहे, हे खरं. पण त्यानंतर रुग्णालयं बांधताना लोक खिडकीचा विचार करू लागले.

मुलुंड पश्चिमेला असं नशीब अजून काही इमारतींना आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बोरिवलीचं म्हणून ओळखलं जातं, पण त्याचा पूर्वेकडचा उतार मुलुंडच्या पाठीशी येऊन टेकतो. डोंगर नसला तरी सोसायटीचा एखादा शेवगा पुरतो. फेब्रुवारीपासून उन्हाळाभर त्यावर तांबट बसतो: जाड चोच, हिरवं अंग, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, डोळ्याभोवती पिवळं. टुक, टुक, टुक, मिनिटाला शंभरावर, न थकता. पलंगावर पडून बघायला वेळ असला की लक्षात येतं, आवाज येतोय पण चोच बंदच आहे. गळ्याच्या दोन्ही बाजूंची कातडी प्रत्येक टुकीला फुगते आणि बसते. तो बोलता बोलता मान इकडून तिकडे फिरवतो, म्हणून आवाज कुठून येतोय ते कळत नाही. घरटं तो वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला कोरतो. पावसाळ्याआधी छाटणीला जी फांदी सगळ्यांत आधी जाते, नेमकी तीच.

घाटकोपरच्या बाजारपेठेवर किंवा अंधेरी स्टेशनच्या रस्त्यावर ज्यांची खिडकी उघडते त्यांनीही हिरमुसू नये. सगळ्याच शहरी दृश्यांना आपले निष्कर्ष लागू होत नाहीत, हे उलरिचनेच लिहून ठेवलं आहे. दिवसचे दिवस कंटाळून पडलेल्या रुग्णाला गजबजलेला रस्ता झाडांहूनही जास्त मानवेल, अशी शक्यता त्याने नोंदवली आहे. खाली भाजीवाला कोणाशी हुज्जत घालतोय हे बघणं म्हणजेही उपचारच, असं घरच्यांना खुशाल सांगावं. आणि दर तासाला उठून त्या खिडकीपर्यंत चालत जावं. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं, गुठळी होण्याचा धोका कमी होतो.

तेव्हा घरात कोणाच्या ऑपरेशनची तारीख ठरली असेल, तर पलंग आदल्या दिवशीच खिडकीकडे सरकवून घ्या. नंतर काही आठवडे डॉक्टर जड काही हलवू देत नाहीत.